रात्रीचा झोपतो ना नीट?

बारशाची गडबड ओसरली आणि शेजारच्या काकू बाळाला पाहायला आल्या. त्यांनी बाळाच्या मुठीत नोट ठेवली, टोपडे जरा वर सारून कपाळ पाहिले, नाक कुणाचे आणि कान कुणाचे याचा निवाडा केला आणि मग प्रत्येक बाळंतिणीच्या वाट्याला येणारा प्रश्न माझ्या लेकीला विचारला, “रात्रीचा झोपतो ना नीट?” लेक म्हणाली, “हो, अगदी शहाणा आहे. एकदा पाजलं की थेट सकाळीच उठतो.” काकू समाधानाने चहा प्यायल्या. मी अळिवाच्या खिरीची वाटी हातात घेऊन दारातच उभी राहिले. आदल्या रात्री ते शहाणे बाळ एक वाजल्यापासून चार वाजेपर्यंत टक्क डोळे उघडून जागे होते आणि त्याच्याबरोबर आम्ही दोघीही. मला खोट्याचे फारसे वावडे नाही. बाळंतिणीच्या खोलीत येणारे-जाणारे सगळेच थोडेफार खोटे बोलतात, ‘अगदी तुझ्यासारखा दिसतो गं’ हे त्यातलेच पहिले. पण माझ्या लेकीला खोटे बोलणे कधी जमले नाही. लहानपणी ती खोटे बोलली की तिचे कान लाल व्हायचे. त्या दिवशी झाले नाहीत. उत्तर इतके तयार होते की ते तिने फोनवर कुणाकुणाला आधीही दिले असणार. काकू गेल्या, वाटी रिकामी झाली, पण तिने असे का सांगितले हे माझ्या डोक्यातून जाईना.

दवाखान्यातून घरी सोडताना आम्हाला एक छापील कागद मिळाला होता. दर दोन ते तीन तासांनी अंगावर पाजावे, चोवीस तासांत आठ ते बारा वेळा, असे त्यावर लिहिले होते. वाचताना सगळे सुटसुटीत वाटते. परंतु हे दोन तास एका पाजण्याच्या सुरुवातीपासून दुसऱ्या पाजण्याच्या सुरुवातीपर्यंत मोजायचे असतात, ही गोष्ट पहिली रात्र उजाडल्यावरच नीट कळते. नुकते जन्मलेले बाळ सावकाश पिते. चार घोट ओढते, थांबते, डोळे मिटते, तळपायाला बोटाने गुदगुल्या केल्या की दचकून पुन्हा ओढू लागते. यात अर्धा-पाऊण तास जातो. मग खांद्यावर घेऊन पाठ थोपटत ढेकर काढायची. ढेकरेबरोबर दुधाची गुळणी येते आणि झबले बदलावे लागते. झबले बदलेपर्यंत लंगोट ओला होतो, लंगोट सोडला की गार हवा लागून बाळ टक्क जागे होते आणि त्याला पुन्हा निजवण्यात वीस-पंचवीस मिनिटे जातात. दोन तासांतून एवढे सगळे वजा केल्यावर आईच्या वाट्याला जो तुकडा येतो त्यातही तिला लगेच झोप लागत नाही, कारण बाळ श्वास घेते आहे ना हे तिला एकदा वाकून पाहायचे असते. असे तुकडे जोडत गेले तर बेरीज सहा-सात तासांची होतेही. पण चिंध्या जोडून गोधडी होते, तशी झोपेची होत नाही.

तरीही तो कागद चुकीचा नव्हता. जन्मानंतरच्या पहिल्या काही दिवसांत बाळाचे वजन थोडे घटते. जन्मवजनाच्या सात ते दहा टक्क्यांपर्यंतची घट डॉक्टर चालवून घेतात आणि साधारण दोन आठवड्यांत ती भरून निघावी अशी अपेक्षा धरतात. तोवर बाळ झोपलेले असले तरी उठवून पाजा, असे आमच्या डॉक्टरांनी बजावले होते. झोपलेल्या बाळाला उठवायचे, ही कल्पनाच मला सहन होत नव्हती. आमच्या लहानपणी झोपलेल्या बाळाच्या पाळण्याजवळून कुणी भांडे वाजवत गेले तर आजी डोळे वटारत असे. लेकीने मात्र एक वही केली. किती वाजता पाजले, कोणत्या बाजूला, किती लंगोट ओले झाले, शी झाली का, रंग कसा. दिवसाकाठी सहा तरी लंगोट ओले झाले की दूध पुरते आहे असे समजायचे, ही खूण तिला दवाखान्यातल्या परिचारिकेने सांगितली होती. मागच्या वेळी कोणत्या बाजूने पाजले होते हे अर्धवट झोपेत आठवत नसे, म्हणून ती गाऊनच्या त्या बाजूला एक सेफ्टी पिन लावून ठेवी आणि पाजून झाले की दुसऱ्या बाजूला टोचे. रात्री तीन वाजता चाचपडत ती पिन शोधणारी तिची बोटे मला अजून दिसतात. वहीतली अक्षरे दिवसा वळणदार असत आणि मध्यरात्रीनंतर ओळ सोडून खाली घसरत जात.

वही भरत गेली तसे त्यातून काही वेळापत्रक दिसेल, असे तिला वाटत होते. ते काही दिसले नाही. एके दिवशी दुपारी तीन तास झोपलेले बाळ दुसऱ्या दिवशी त्याच वेळी दर वीस मिनिटांनी उठले. संध्याकाळी दिवेलागणीला तर ते अंगावरून बाजूलाच व्हायचे नाही. पाच मिनिटे पी, दहा मिनिटे रड, पुन्हा पी, असे तास-दोन तास चाले. असे का, हे तिने वाचून काढले आणि मलाही समजावले. नवजात बाळ दिवसाच्या चोवीस तासांपैकी चौदा ते सतरा तास झोपते, पण दिवस कुठला आणि रात्र कुठली हे त्याच्या शरीराला माहीत नसते. अंधार पडला की झोप आणणारे मेलॅटोनिन हे संप्रेरक त्याच्या शरीरात लयीत तयार होऊ लागायला दोन-तीन महिने लागतात. तोवर रात्रीच्या दुधातून आईचे मेलॅटोनिन त्याला थोडेफार मिळते. त्याच्या झोपेपैकी जवळजवळ निम्मी झोप चाळवलेली असते: पापण्यांखाली बुबुळे फिरतात, ओठ हलतात, मधूनच हसू येते, कण्हल्यासारखा आवाज निघतो. आमच्याकडे या हसण्याला सटवाई हसवते म्हणतात. मोठ्या माणसाला आधी गाढ झोप लागते, बाळ मात्र या चाळवलेल्या झोपेतूनच आत शिरते. त्यामुळे डोळे मिटले म्हणून लगेच पाळण्यात ठेवले की ते पुन्हा जागे होते. पंधरा-वीस मिनिटे मांडीवरच राहू द्यावे, मग त्याचा हात हळूच उचलून सोडावा. हात लुळा पडला तर खुशाल ठेवावे. हे शेवटचे कुठल्या पुस्तकातले नव्हते, आमच्या मालिशवाल्या मावशींनी शिकवले होते, आणि वहीतल्या कोणत्याही नोंदीपेक्षा त्याचा उपयोग जास्त झाला.

लेकीचा जन्म 1992 सालचा. तेव्हा आमच्या गावातल्या ज्या प्रसूतिगृहात मी होते तिथे बाळे आईजवळ ठेवत नसत. एका लांबट खोलीत ओळीने पाळणे असत आणि ठरलेल्या वेळी परिचारिका बाळे गाडीवर घालून वॉर्डात आणत. सहा वाजता, नऊ वाजता, बारा वाजता. गाडीचे एक चाक कुरकुरत असे, त्यामुळे ती व्हरांड्याच्या टोकाला असतानाच सगळ्या बाया उठून पदर सावरून बसत. वेळ संपली की बाळ पिते आहे की झोपले आहे हे न पाहता त्याला परत नेले जाई. मधल्या वेळात भिंतीपलीकडून रडण्याचे आवाज येत. कोणते रडणे आपल्या बाळाचे हे कळत नसे, पण शरीर वाट पाहत नसे. कुणाचेही बाळ रडले तरी पान्हा फुटायचा आणि चोळी ओली व्हायची. समोरच्या खाटेवरची एक पहिलटकरीण त्या ओल्या चोळीकडे पाहून लाजत होती आणि मी तिला समजावत होते, मला स्वतःला त्यातले काही कळत नसताना. त्याच वर्षी बाळाच्या डब्याच्या दुधाची जाहिरात करण्यावर बंदी घालणारा कायदा आपल्या देशात झाला. डब्यावर गुटगुटीत बाळाचे चित्र छापायचीही त्यात मनाई आहे. त्याआधी ती चित्रे पाहूनच कितीतरी घरांत आपले बाळ हडकुळे आहे असा निकाल लागत असे.

घड्याळ लावून पाजण्याची ही रीत आपल्या मातीतली नव्हे. न्यूझीलंडमध्ये ट्रूबी किंग नावाचे एक डॉक्टर होते, मूळचे मनोरुग्णालयाचे अधीक्षक. तिथल्या शेतावर बादलीने दूध पिणाऱ्या वासरांची निगा राखता राखता बालसंगोपनाविषयी त्यांचे विचार ठरत गेले. 1907 साली त्यांनी ड्युनेडिन शहरात मातांना शिकवण देणारी प्लंकेट सोसायटी काढली. दर चार तासांनी पाजायचे, रात्री मुळीच पाजायचे नाही आणि बाळ रडले म्हणून उठून उचलायचे नाही, अशी त्यांची शिस्त होती. ती लंडनपर्यंत पोचली आणि इंग्रजी अमलाखालच्या पुष्कळ देशांत पसरली. किंग यांच्या बाजूनेही बोलले पाहिजे. स्तनपान उत्तम, हे ते ठासून सांगत आणि त्यांच्या काळी अस्वच्छ बाटलीच्या दुधाने जुलाब होऊन मरणारी बाळे थोडी नव्हती. परंतु आईचे दूध चार तासांच्या शिस्तीवर तयार होत नाही. जेवढे काढले जाईल तेवढे ते येते. बाळाने वारंवार ओढावे म्हणजे पुढच्या वेळी जास्त यावे, असा तो व्यवहार आहे, आणि दूध आणणाऱ्या प्रोलॅक्टिन या संप्रेरकाचे प्रमाण रात्री अधिक असते. म्हणजे ज्या पाजण्याला त्या शिस्तीत पूर्ण बंदी होती, तेच दूध टिकवणारे पाजणे. बाळाला जन्मापासून आईजवळच ठेवावे आणि ते मागेल तेव्हा पाजावे, हा आग्रह जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी 1991 पासून दवाखान्यांकडे धरला. माझ्या प्रसूतीपर्यंत तो आमच्या गावी आलेला नव्हता.

दिवसातली एकच गोष्ट आमच्याकडे वेळेवर होत होती आणि ती म्हणजे आंघोळ.

सकाळी नऊच्या सुमारास मालिशवाल्या मावशी येत. आल्या आल्या पायातली जोडवी काढून कनवटीला खोचत, हात गरम पाण्याने धूत आणि न्हाणीघरात पाटावर पाय लांब करून बसत. बाळाला आधी पालथे, मग उताणे पायांवर घेऊन कोमट खोबरेल तेलाने रगडत. टाळूवर मात्र तळहाताने अलगद थापून तेल जिरवत. डाळीचे पीठ आणि साय लावून झाली की पाणी कोपराने बघत आणि तांब्याची धार डोळ्यांत जाणार नाही अशी एक हात कपाळावर आडवा धरून ओतत. रात्रभर आम्हाला नाचवणारे ते बाळ धार अंगावर पडली की आधी किंचाळे आणि पुढच्याच क्षणी तोंडाचा चंबू करून गप्प होई. मग मऊ जुन्या लुगड्याच्या फडक्यात टिपून, दुपट्यात हात आत घेऊन गुंडाळायचे आणि लगेच आईच्या अंगाला लावायचे. ऊब, पोटभर दूध आणि रगडून आलेला थकवा, या तिन्हींनी मिळून बाळ जे झोपे ते दोन-तीन तास हालत नसे. त्या वेळेत मावशी लेकीची पाठ-कंबर रगडत, तिला कढत पाण्याने न्हाऊ घालत, मी मऊ भात, तूप आणि मिरपूड घातलेले वरण वाढी आणि तीही झोपी जाई. बाळाची दिनचर्या लावणे म्हणतात ते जर काही असेल तर आमच्याकडे ते एवढेच होते. विचार केला तेव्हा कळले की त्यातली ठरलेली वेळ मावशींची होती. त्या नऊला येत म्हणून आंघोळ नऊला, आंघोळ नऊला म्हणून दहा ते एक झोप. बाळ फक्त त्या चौकटीत ओढले जात होते.

मावशींचे सगळेच आम्ही ऐकले असे नाही. डोके गोल व्हावे म्हणून मोहरीची उशी हवी, असे त्यांचे म्हणणे होते. डॉक्टरांनी उशी नको, बाळ उताणेच निजवा, म्हणून सांगितले होते आणि आम्ही डॉक्टरांचे ऐकले. उताणे निजवल्याने झोपेतल्या अचानक मृत्यूचा धोका कमी होतो हे आता जगभर मानले जाते. सहाणेवर उगाळायच्या गुटीवरून दोघींचे चांगलेच वाजले. वेखंड, हळकुंड, मुरडशेंग, सागरगोटा, बदाम, खारीक, जायफळ असे सगळे डबीत भरून मावशींनी आणले होते आणि सहा महिने आईच्या दुधाखेरीज काहीही द्यायचे नाही यावर लेक ठाम होती. मध तर वर्षभर नाहीच. मावशी रुसल्या, पण दुसऱ्या दिवशी नऊला हजर. ओवा आणि शेपा निखाऱ्यावर टाकून धुरी द्यायचा त्यांचा आग्रह होता. मी निखारे खोलीबाहेर, व्हरांड्यात ठेवले आणि ओव्याचा वास तेवढा आत येऊ दिला. आणि जुन्या पद्धतीतली अंधारी खोली तर मला स्वतःलाच नको होती. माझ्या वेळी सव्वा महिना खिडकीला चादर लावलेली होती, वारा लागू नये म्हणून. बाळाच्या शरीराला दिवस-रात्र शिकवायची ती उजेडाने, आणि आपण त्याला भर दुपारी काळोखात ठेवत होतो. या खेपेला सकाळी पडदे उघडे, दुपारी घरातले आवाज नेहमीसारखे, आणि रात्री पाजताना मात्र मोठा दिवा लावायचा नाही, बाळाशी बोलायचे नाही, हसायचे नाही, असे आम्ही ठरवले. न हसणे सर्वांत कठीण गेले, कारण पहाटे तीनला ते आमच्याकडे पाहून हमखास प्रसन्न होई.

या जागरणांत मला राहून राहून गिरणगाव आठवे. तिथे मी कधी राहिलेली नाही, पण माझी आत्या लालबागच्या चाळीतली आणि तिच्या सासूने सांगितलेल्या गोष्टी तिच्याकडून आमच्यापर्यंत आल्या होत्या. गिरणीत कामाला जाणाऱ्या बाया तान्ह्या बाळांना अफूची बारीकशी गोळी चाटवून जात. तिला बाळागोळी म्हणत. बाळ दिवसभर गुंगीत पडून राही, रडत नसे, मागत नसे, आणि म्हणून पीतही नसे. वरून पाहणाऱ्याला ते किती शहाणे दिसत असेल! त्या आयांना दोष द्यायला माझी जीभ धजत नाही. पाळीचा भोंगा चुकला तर मजुरी बुडत होती आणि घरात जागे राहायला दुसरे माणूस नव्हते. 1928 साली मुंबईच्या कायदेमंडळात प्रसूती लाभाच्या विधेयकाला पाठिंबा देताना डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आईला बाळंतपणाआधी आणि नंतर विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्याच हिताचे आहे, असा मुद्दा मांडला होता. 1929 साली तो कायदा मुंबई प्रांतात झाला. माझ्या लेकीला आज सव्वीस आठवड्यांची पगारी रजा मिळते ती केंद्राच्या प्रसूती लाभ कायद्यातल्या 2017 च्या दुरुस्तीमुळे. पण दहा माणसांची आस्थापना, हजेरीपट, पगारपत्रक यांच्या बाहेर असलेल्या बाईला त्याचा उपयोग नाही. आमच्या जिल्ह्यात दर हंगामाला ऊसतोडीच्या टोळ्या उतरतात. फडाच्या कडेला बाभळीला लुगड्याची झोळी बांधलेली असते, चार-पाच वर्षांची बहीण दोरी ओढत असते आणि आई मोळी बांधता बांधता मान वळवून पाहत असते. त्या बाळाची पाजायची वेळ मुकादम ठरवतो.

वेळापत्रक हा शब्द मला नकोसा झाला होता तेव्हा एक वेळापत्रक मात्र मनापासून आवडले. आमच्या गल्लीत येणाऱ्या आशाताई, म्हणजे सरकारी योजनेतल्या आरोग्यसेविका, बाळाला पाहायला आल्या, वजन केले, अंग गरम-गार पाहिले, नाळ पाहिली, लेकीला पाजताना बघितले आणि पुन्हा कधी येणार ते सांगून गेल्या. दवाखान्यात जन्मलेल्या बाळाच्या घरी त्यांनी तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी जायचे असते. या पद्धतीचे मूळ गडचिरोलीत आहे. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ या संस्थेने गावातल्याच बायांना नवजात बाळांची घरी काळजी घ्यायला शिकवले आणि तिथले नवजात बाळांचे मृत्यू निम्म्याहून कमी झाले, 1999 साली ते निष्कर्ष लॅन्सेट या वैद्यकीय नियतकालिकात छापून आले आणि पुढे देशभर आशांच्या कामात ती रीत आली. त्या सहा दिवसांच्या यादीत बाळाने काय करावे याचा एक शब्द नाही. कुणी कधी दार वाजवायचे, एवढेच त्यात आहे.

सव्वा महिना संपला. मावशींचा हिशेब झाला, साडी-नारळ देऊन त्यांना निरोप दिला, पाहुण्यांचे येणे थांबले, लाडवांचे डबे रिकामे झाले. नेमके याच सुमारास बाळाचे रडणे वाढले. डॉक्टरांकडे गेलो तेव्हा त्यांनी तपासून सगळे ठीक असल्याचे सांगितले आणि म्हणाले, रडणे दुसऱ्या आठवड्यापासून चढत जाते, सहाव्या ते आठव्या आठवड्यात सर्वांत जास्त असते आणि तिसऱ्या-चौथ्या महिन्यात उतरते. जगात सगळीकडे असेच दिसते. म्हणजे आपण बाळंतिणीची सगळी सरबराई करतो ती चढाच्या पायथ्याशी, आणि शिखर आले की तिला मोकळी झाली म्हणून हिंडती-फिरती करतो. तीन महिने माहेरी ठेवायची रीत त्या मानाने शहाणपणाची म्हणायची. जुन्या बायकांना संप्रेरके ठाऊक नव्हती, पण किती रात्री जागाव्या लागतात हे त्यांनी स्वतः जागून मोजलेले होते. अर्थात माहेर असेल, माहेरी आई धडधाकट असेल, तिला नोकरीवर जायचे नसेल आणि भावजयीच्या कपाळाला आठी पडत नसेल, तरच ही रीत चालते. परदेशात असलेल्या माझ्या भाचीला यातले काहीच नव्हते. तिची आई व्हिसा मिळवून गेली ती परत यायच्या तारखेसह.

अशाच एका संध्याकाळी, खांद्यावर रडते बाळ घेऊन व्हरांड्यात येरझारा घालताना मी लेकीला विचारले, “काय गं, काकूंना तू झोपतो म्हणून का सांगितलंस?” तिला आठवायला वेळ लागला नाही. म्हणाली, “नाही झोपत म्हटलं की लगेच उपाय सुरू होतात, आई. जायफळ उगाळून द्या, दृष्ट काढा, पोटावर हिंग लावा. तेही चालेल. पण शेवटी सगळ्यांची गाडी एकाच ठिकाणी येते, की तुझं दूध पुरत नसेल, वरचं एक बाटली दे, बघ कसा झोपतो. ते ऐकलं की मला त्या रात्री दूधच येत नाही.” मग थोड्या वेळाने म्हणाली, “आणि तो नाही झोपला तर माझं काही चुकतंय, असं त्यांचं तोंड होतं.” मी काही बोलले नाही. तिचे म्हणणे शास्त्राला धरूनच होते. ताण, दुखणे, भीती यांनी पान्हा आखडतो. आणि पुरत नाही या धास्तीने वरचे दूध सुरू केले की बाळ तेवढे कमी ओढते, ओढणे कमी म्हणून दूध कमी, आणि मग खरोखरच पुरत नाही. खोटे बोलून ती आपले दूध राखत होती.

खरी गंमत अशी की काकूंनी वाईट मनाने विचारले नव्हते. त्यांच्या प्रश्नात त्यांच्या स्वतःच्या जागरणांची आठवण असणार. पण प्रश्न बाळाविषयी विचारला जातो, उत्तर आईला द्यावे लागते आणि घरात आणखी कोण कोण जागते हे कुणी विचारतच नाही. माझ्या जावयालाही बारशाच्या दिवशी कितीतरी जणांनी पेढा खात मिठी मारली. झोप होते का रे, असे विचारलेले मी ऐकले नाही.

तिसरा महिना संपत आला तशी पुण्याला परतण्याची तयारी सुरू झाली. रात्री एकसलग चार-पाच तासांची झोप आता बाळ घेऊ लागले होते, पण कुठल्या रात्री, याचा नेम नव्हता. लेकीने ती जुनी वही बंद केली आणि एक कोरा कागद घेतला. त्यावर बाळाच्या वेळा नव्हत्या. रात्री नऊ ते एक, असे लिहून त्यापुढे जावयाचे नाव घातले: नऊला पाजून ती झोपणार, मधे बाळ उठले तर काढून ठेवलेले दूध तो वाटी-चमच्याने पाजणार, ढेकर त्याची, लंगोट त्याचा. एक ते पाच तिची पाळी. पाच ते आठपुढे तिने प्रश्नचिन्ह काढले. जावई त्या कागदाचा फोटो काढून घेऊन गेला आणि आमच्या विहीणबाईंनी तो पाहिला. त्यांचा मला लगेच फोन आला. “अहो, रात्री एकपर्यंत जागून हा सकाळी गाडी चालवत हिंजवडीला जायचा, तुम्हाला पटतं का हे?” मी म्हटले, “नाही पटत. पण हिनं पाचपर्यंत जागून दिवसभर तान्ह्याला सांभाळायचं, हे तरी कुठं पटतंय?” त्यावर त्या बराच वेळ काही बोलल्या नाहीत. त्यांची काळजी मला खोटी वाटली नाही. झोप न झालेल्या माणसाने त्या रस्त्याने गाडी चालवू नये हे खरेच आहे. शेवटी त्या दोघांनी ठरवले की पहिले काही आठवडे तो बसने जाईल. लेक गेल्यावर आठवडाभराने मी फोन केला तेव्हा कळले की विहीणबाई रोज पहाटे पाचला बाळाला आपल्या खोलीत घेऊन जातात, आठपर्यंत स्वतःजवळ ठेवतात आणि त्या वेळेत सुनेला उठवलेले त्यांना चालत नाही. भूक लागून रडलाच तर तेवढे दार वाजवतात. लेकीने कौतुकाने त्या प्रश्नचिन्हाच्या जागी त्यांचे नाव लिहायला पेन घेतले, तर त्यांनी ते हातातून काढून घेतले. म्हणाल्या, आमच्याकडे असलं लिहून ठेवत नाहीत.